अक्षर टिकलं, सूर कपाटात गेला

आजचा विषय मी इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून मांडते आहे आणि त्याला कारण आहे. इथल्या मराठी घरांमध्ये एक प्रश्न हल्ली पुन्हा पुन्हा ऐकू येतो. मुलाला किंवा मुलीला संगणक आवडतो, नाटक आवडतं, चित्रही चांगलं काढता येतं. मग हे सगळं एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम आहे म्हणे, तो घ्यावा का? ‘न्यू मीडिया’, ‘डिजिटल आर्ट’, ‘इंटरॅक्टिव्ह परफॉर्मन्स’ अशी त्याची नावं. फी भरपूर, आणि आजीआजोबांना तो नेमका कशाचा हे सांगता येत नाही.

लोकांना हे खूळ कालपरवाचं वाटतं. ते तसं नाही. भारतात कला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्र एका छताखाली आणण्याचा प्रयोग पन्नास वर्षांहून जुना आहे. तो कुठे सुरू झाला, कुठे विझला आणि कुठे टिकला, हे आज पाहू. टिकलेली गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोरून रोज जाते, हेही शेवटी लक्षात येईल.

१९७८ची जमीन

आधी ही जागा. बंगळूरच्या दक्षिणेला होसूर रस्त्यावर कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही गावं. १९७८ मध्ये केओनिक्स या कर्नाटक सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने इथली ३३२ एकर जमीन घेऊन इलेक्ट्रॉनिक सिटीची आखणी केली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांचं स्वप्न होतं की बंगळूर भारताची सिलिकॉन व्हॅली व्हावी. तेव्हा हे गावाबाहेरचं माळरान होतं. नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, २०१० मध्ये सिल्क बोर्डापासूनचा उन्नत मार्ग आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. १९९९ मध्ये स्थापन झालेली आयआयआयटी बंगळूर ही संस्थाही २००३ पासून इथेच आहे.

म्हणजे यंत्र आलं, रस्ता आला, विद्यापीठ आलं. चित्रकार, नर्तक, संगीतकार मात्र या आराखड्यात नव्हते. ते शहराच्या दुसऱ्या बाजूला जमले, त्याकडे नंतर येते. आधी नऊ वर्षं मागे, १९६९ मध्ये जाऊ. कारण ‘कलाकाराला इलेक्ट्रॉनिक्स द्या’ हा विचार या देशात बाळिगांच्या आराखड्याच्या आधीच येऊन गेला होता.

न्यूयॉर्कहून अहमदाबाद

ऑक्टोबर १९६६. न्यूयॉर्कमधल्या एका लष्करी कवायतघरात ‘नाइन इव्हनिंग्ज: थिएटर अँड इंजिनीअरिंग’ हा कार्यक्रम झाला. दहा कलाकार आणि बेल लॅब्जमधले सुमारे तीस इंजिनिअर. बिली क्लूव्हर हा इंजिनिअर आणि रॉबर्ट रॉशनबर्ग हा चित्रकार या उद्योगाचे सूत्रधार. त्यातून ‘एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ ही संघटना उभी राहिली. या कार्यक्रमात डेव्हिड ट्यूडर हा संगीतकारही होता.

हाच ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादला आला. चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या १९५८ च्या अहवालानंतर १९६१ मध्ये तिथे राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, सुरू झाली होती आणि गौतम व गिरा साराभाई तिची घडण करत होते. त्यांची बहीण गीता साराभाई संगीतकार. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले होते. ही ओळख तेवीस वर्षांनी फळाला आली. एनआयडीत मोग सिंथेसायझर आलं आणि ट्यूडरने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला.

त्या खोलीत स्वतः गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. जोशीपुरा तर तेव्हा ऐन विशीच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी. त्याच्या एका रचनेचं नाव ‘स्पेस लायनर २००१’. वायरी जोडायच्या, बटणं फिरवायची, आवाज घडवायचा आणि टेपवर उतरवायचा. हे भारतात, १९६९ मध्ये!

आणि मग? काही वर्षांत सगळं थांबलं. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने अलीकडे त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने त्या लोकांना ऐकायला मिळाल्या. मधली पन्नास वर्षं आपल्याकडच्या बहुतेक संगीतकारांना आपल्याच देशात असं काही झालं होतं याचा पत्ताही नव्हता.

मुंबईतलं घर

त्याच वर्षी मुंबईतही असंच काही चाललं होतं. चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशातून नेपियन सी रोडवर त्यांनी ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपट करणारे अशा सगळ्यांनी तिथे यावं, कॅमेरा हाताळावा, एकमेकांचं काम पाहावं. पदमसींनी स्वतः रेषा आणि बिंदूंच्या रेखाटनांतून ‘सिझिजी’ हा अ‍ॅनिमेशनपट केला. जे. जे. मध्ये शिकलेल्या तरुण नलिनी मलानी तिथे प्रकाशाचे आणि फिल्मचे प्रयोग करत होत्या. पुढे व्हिडिओ आणि सावल्यांच्या कलाकृतींमुळे त्या जगभर पोचल्या, त्याची एक मुळी या वर्कशॉपमध्ये आहे.

पण हे वर्कशॉपही १९७२ च्या सुमारास संपलं. पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या दुसऱ्या फिल्मची एकुलती प्रत हरवली. कित्येक दशकांनी, २०१६ मध्ये, आशीम अहलुवालिया यांनी म्हाताऱ्या पदमसींना बरोबर घेऊन त्या हरवलेल्या फिल्मवर नवी फिल्म केली.

दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. पैसा होता, यंत्र होतं, प्रतिभा तर होतीच. नव्हती ती परंपरा. मुंबईत फेलोशिप एका माणसाची होती. अहमदाबादला स्टुडिओ होता, पण दर वर्षी नवी तुकडी येते, जुनी पुढे जाते आणि तिच्यातलाच कुणीतरी शिक्षक होऊन परत येतो, असं चक्र त्याभोवती फिरू लागलं नाही. संगीताचं घराणं जसं चालतं तसं हे चाललं नाही. गुरू येऊन गेला, शिष्यांना पुढचा शिष्य मिळाला नाही.

पवईतला कवी

१९६९ मधलीच तिसरी घटना. पवईच्या आयआयटीत ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’ सुरू झालं. सगळे त्याला आयडीसी म्हणतात. त्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा. ते जे. जे. मध्ये शिकले आणि नंतर जर्मनीतल्या उल्मच्या प्रसिद्ध डिझाइन शाळेत. आयडीसीत सुरुवातीला भर होता वस्तूंच्या रचनेवर. पण ही खोली अभियांत्रिकीच्या विद्यापीठात होती, कायमच्या जागांवर शिक्षक होते आणि विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडत होते.

१९८३ मध्ये तिथे र. कृ. जोशी प्राध्यापक म्हणून आले. मराठी कवितेच्या वाचकांना हे नाव नवं नाही. अक्षरांच्या आकारातून, त्यांच्या मांडणीतून अर्थ उभा करणारी दृश्यकविता लिहिणारे कवी, सुलेखनकार आणि त्याआधी वीसेक वर्षं उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक. अक्षर हा त्यांच्यासाठी एकाच वेळी आवाज होता, चित्र होतं आणि हाताची हालचाल होती. १९९६ पर्यंत त्यांनी आयडीसीत शिकवलं. त्याच काळात आणि नंतरही मुंबईतल्या एनसीएसटी या संगणक संशोधन संस्थेतल्या तज्ज्ञांबरोबर ते भारतीय लिप्यांच्या संगणकीय रचनेवर काम करत राहिले. अक्षरं घडवण्यासाठी तिथे ‘विन्यास’ ही संगणक प्रणाली तयार झाली.

यात अवघड काय होतं? एक साधा शब्द घ्या: ‘किती’. आपण आधी ‘क’ म्हणतो, मग ‘इ’. संगणकही याच क्रमाने साठवतो. पण पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या अलीकडे दिसली पाहिजे. ‘सूर्य’मधला ‘र’ उडी मारून ‘य’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘तऱ्हा’मधला ‘र’ तिसऱ्याच रूपात येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ तर मूळ अक्षरं ओळखूच येऊ देत नाहीत. इंग्रजी टंकलेखन यंत्राच्या साच्यातून आलेल्या संगणकाला हे सगळं परकं. नियम लिहायला प्रोग्रामर हवा, पण कुठलं रूप बरोबर आणि कुठलं डोळ्याला खुपणारं, हे ठरवायला बोरूने आयुष्य घालवलेला माणूस हवा. ही दोन माणसं एका टेबलाशी बसावी लागतात.

ती बसली. विंडोज २००० बरोबर घराघरांत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशींचा. त्यानंतर विंडोजमध्ये आलेल्या कन्नड फॉन्टचं नाव ‘तुंगा’. कर्नाटकातल्या नदीचंच नाव. त्याचंही दिग्दर्शन जोशींचंच. इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून हे सांगताना मला विशेष वाटतं: इथल्या कार्यालयांमध्ये वर्षानुवर्षं पडद्यावर जे कन्नड दिसलं, त्याच्या वळणांमागे एका मराठी कवीची नजर होती. ५ फेब्रुवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं. पण चक्र थांबलं नाही. आज आयडीसीत शिकवणारे गिरीश दळवी, जे. जे. मध्ये शिकलेले सारंग कुळकर्णी यांच्यासारखे अक्षररचनाकार ‘एक टाइप’ या गटातून ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे खुले फॉन्ट देतात, आणि तुमच्या फोनवरची कितीतरी मराठी त्यांतूनच दिसते.

आता कुणी म्हणेल, बघा, उपयोग होता म्हणून टिकलं. बाकी सगळे श्रीमंती चोचले. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. जोशींच्या दृश्यकवितेचा बाजारात काय उपयोग होता? अक्षरांशी कित्येक वर्षं विनाकारण खेळल्यावर त्यांच्या हाती ती नजर आली, जी पुढे फॉन्टला कामी आली. गीताबेनच्या टेपांमध्येही असंच काही दडलेलं असू शकलं असतं. त्यांना पुढची तीस वर्षं मिळाली नाहीत, एवढाच फरक. खेळ आणि उपयोग यांच्यामध्ये वेळ लागतो. तो वेळ फेलोशिप देऊ शकत नाही, पाहुणा तज्ज्ञ देऊ शकत नाही. तो विद्यापीठच देऊ शकतं.

याचा उलटा पुरावाही आहे. २००१ मध्ये भारत सरकारने अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबबरोबर ‘मीडिया लॅब एशिया’ सुरू केली. मूळची मीडिया लॅब १९८५ पासूनची, वास्तुकलेच्या शाळेतून निघालेली, कला आणि संगणक एकत्र नांदवणारी. नाव मोठं, गाजावाजा मोठा. २००३ मध्ये एमआयटी बाहेर पडली. संस्था राहिली, कामाचं स्वरूप बदलत गेलं आणि २०१७ मध्ये तिचं नाव डिजिटल इंडिया कॉर्पोरेशन झालं. नाव उसनं आणता येतं, घराणं आणता येत नाही.

पुन्हा बंगळूर

शहराच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेकडच्या येलहंका भागात, १९९६ मध्ये गीता नारायणन यांनी ‘सृष्टी’ ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू केली. आज ती मणिपाल विद्यापीठाचा भाग आहे. प्रायोगिक माध्यमकलेचं वेगळं केंद्र तिथे निघालं. २००९ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी एक धमाल केली. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तेव्हा अमेरिकेत ‘आयजेम’ नावाची स्पर्धा व्हायची, त्यात ही चित्रकलेची पोरं उतरली. जिओस्मिन या द्रव्यामुळे पहिल्या पावसात मातीला वास येतो. जिवाणूंकडून तोच मृद्गंध तयार करवून घ्यायचा, हा त्यांचा प्रकल्प. प्रयोगशाळेत कविता शिरली ती अशी. ‘अट्टकळरी’ या नृत्यसंस्थेने शरीराची हालचाल आणि मिश्र माध्यमं एकत्र शिकवणारा पदविका अभ्यासक्रम काढला. आणि इकडे होसूर रस्त्यावर आयआयआयटीने संगणकाबरोबर समाजाचाही अभ्यास करणारा ‘डिजिटल सोसायटी’चा एम. एस्सी. अभ्यासक्रम सुरू केला.

म्हणजे एका शहरात कलेची शाळा उत्तरेला, यंत्राची दक्षिणेला, मध्ये बंगळूरची वाहतूक. हा विनोद नाही. पवईत कवी आणि प्रोग्रामर यांच्यातलं अंतर कमी होतं, म्हणून काम झालं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. अभ्यासक्रम घ्यावा. पण माहितीपुस्तकातली यंत्रं मोजू नका, ती पाच वर्षांत जुनी होतात. तिथे दहा वर्षांपूर्वी शिकलेलं कुणी आज तिथेच शिकवतंय का, ते विचारा. शेजारच्या इमारतीत संगणकाचा किंवा विज्ञानाचा विभाग आहे का आणि मुलं तिथे खरोखर जातात का, ते बघा. आणि मागच्या विद्यार्थ्यांची कामं कुठे जपून ठेवली आहेत, ती दाखवायला सांगा. उत्तर म्हणून कुणी कुलूपबंद कपाटाकडे बोट दाखवलं, तर अहमदाबादच्या त्या टेपा आठवा.