पांढरीचा नकाशा

बेंबळी हें धाराशिव तालुक्यांतील एक मोठें गांव. मराठवाड्यांतील कोणत्याहि गांवाप्रमाणें त्याचेहि दोन भाग आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे जेथें चुली पेटतात, पारावर माणसें बसतात, ती वस्तीची जागा. या भागांतील ग्रामकारभाराचा इतिहास पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. सरकारनें काळी पुनः पुनः मोजली. पांढरी मात्र कागदावर कोरीच राहिली.

कारण उघड आहे. मोजणी साऱ्यासाठीं होत असे, आणि गांवठाणावर सारा नव्हता. १८५३ सालीं निजामानें नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवालीं केला, तेव्हां तेथें नेमले गेलेले मेडोज टेलर यांनीं तुळजापुरास राहून जमिनीची मोजणी व रस्ते हीं कामें हातीं घेतलीं. १८६० मध्यें मुलूख निजामाकडे परत गेला. पुढें सालारजंगांची जिल्हाबंदी झाली, नव्या मोजण्या झाल्या. पण दृष्टि तीच राहिली. शेताचा बांध बारकाईनें हिशेबांत धरावयाचा, आणि वस्तीभोंवतीं एक रेषा ओढून आंत ‘गांवठाण’ एवढें लिहावयाचें, कीं काम संपलें!

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली आणि १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला. नियोजनाचे दिवस सुरू झाले होते. योजना कोणीं आंखावी, हा प्रश्न होता. बलवंतराय मेहता समितीनें १९५७ सालीं मुख्य भिस्त विकासगटावर ठेवली होती. महाराष्ट्रांत वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालीं १९६० सालीं नेमलेल्या समितीनें मात्र जिल्हा हाच पाया धरला. इंजिनिअर, डॉक्टर आणि पैसा यांचा भार एका तालुक्यास पेलणार नाहीं, हा तिचा विचार चुकीचा होता असें म्हणवत नाहीं. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या; शाळा, दवाखाने, रस्ते, विहिरी त्यांच्याकडे आल्या. पण त्यामुळें बेंबळीसारख्या गांवाची गरज जिल्ह्याच्या यादींतील एक ओळ झाली. १९७४ सालीं मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालीं जिल्हा नियोजन व विकास मंडळें निघालीं, आणि काम करणारी संस्था एक व योजना आंखणारी दुसरी, असा प्रकार झाला. घटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्तीनंतर १९९८ सालीं जिल्हा नियोजन समित्यांचा कायदा झाला. अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडेच राहिलें.

या साऱ्या काळांत कोऱ्या पांढरीची किंमत एकदां फार कठोरपणें द्यावी लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारें ८,००० माणसें दगावलीं. सास्तूर, किल्लारी यांसारखीं ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. गांव घाईनें आंखावयाचें होतें. ज्या गल्ल्या सरकारी नकाशावर कधीं उमटल्याच नव्हत्या, त्या नव्या आराखड्यांत कोठून येणार? रुंद, सरळ रस्ते आणि चौकोनी ओळी आल्या. घरें भक्कम झालीं. शेजार मात्र विस्कटला. पूर्वीं हांकेच्या अंतरावर असणारीं घरें दूर गेलीं आणि लांबलेल्या रस्त्यांची व नळांची निगा ग्रामपंचायतीच्या गळ्यांत पडली.

२०१५ नंतर ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमानें ग्रामसभेस स्वतःचा आराखडा करण्याचा अधिकार दिला. २०१७ सालीं महसूल अधिनियमांत ४२-ड हें कलम आलें. गांवठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीवर घर बांधण्याची वाट त्यानें सोपी केली. गांव वाढण्यास परवानगी मिळाली; पण नवा रस्ता कोठें सोडावा आणि सांडपाणी कोणत्या उतारानें काढावें, हें तें कलम सांगत नाहीं.

आणि मग काळीनंतर कितीतरी वर्षांनीं पांढरीचीहि पाळी आली. २०२० सालीं सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेंत ड्रोननें गांवठाणें मोजलीं जाऊं लागलीं. घरोघरच्या मिळकतपत्रिका तयार होऊं लागल्या. घर, बोळ, मोकळी जागा सर्व त्या नकाशांत दिसतें. हेतु मात्र पुन्हां मालकीचा आणि कराचा. ग्रामसभेचा आराखडा कामांच्या यादीच्या रूपानें लिहिला जातो. नकाशा भूमि अभिलेख खात्याच्या दप्तरांत असतो.