थट्टीतला हात: धार-देवासकडच्या गाई आणि त्यांचं दूध काढणारे

मराठ्यांच्या राज्यव्यवहारात जे बारा महाल सांगतात, त्यात पागेच्या जोडीला ‘थट्टी’ आहे. थट्टी म्हणजे सरकारी गाईगुरांचा गोठा. अठराव्या शतकात पवार माळव्यात स्थिरावले, धारला एक गादी आणि देवासला थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या. या गाद्यांवर, सनदांवर आपल्याकडं भरपूर लिहून झालं आहे. गाईखाली बसणारा माणूस मात्र कागदात क्वचितच दिसतो. कासेचं आरोग्य तर त्याच्याच हातावर ठरतं.

आधी इथली गाय पाहू. पठारावरची गाय माळवी, विंध्याच्या खाली नर्मदेकडं निमाडी. धार जिल्ह्यात हे दोन्ही मुलूख येतात. दोन्ही जाती मुख्यतः बैलांसाठी पाळलेल्या. काळ्या जमिनीत नांगर ओढणारा खोंड हवा, म्हणून वासराला आधी पाजायचं आणि उरलेलं दूध घरात. दूध थोडं, काढणारं माणूस घरचंच. तिथं कासेवर ताण कमी पडायचा.

पुढं म्हशी आणि संकरित गाई वाढल्या, दूध विकायला जाऊ लागलं आणि काढायला पगारी माणूस आला. इथं ‘दगडी’चा प्रश्न मोठा झाला. दगडी म्हणजे कासदाह, इकडच्या हिंदीत ‘थनैला’. फ्रान्समध्ये नोकार आणि मोलेरो यांनी १८८० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की याचे जंतू एका गाईकडून दुसरीकडं जातात. ते जातात कशानं? काढणाऱ्याच्या हातानं आणि सगळ्या गाईंना पुसायच्या एकाच फडक्यानं.

म्हणजे औषधाआधी प्रश्न शिक्षणाचा आहे. १९२७ साली प्रकृतीसाठी बंगळुरात राहिलेले गांधीजी तिथल्या सरकारी दुग्धसंस्थेत गोपालन शिकायला गेले होते. गोसेवेला नुसती श्रद्धा पुरत नाही, हे त्यांना कळत होतं. आपल्याकडं महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली निघालं. तिथं डॉक्टर तयार झाले. गोठ्यातला गडी मात्र बहुतेक ठिकाणी दुसऱ्या गड्याचं बघूनच शिकत राहिला.

आता त्याला शिकवायचं काय? कासेला हात लागला की मिनिटाभरात गाय पान्हा सोडते आणि तो काही मिनिटंच टिकतो. तेवढ्यात काम उरकायला हवं. गाईला मारलं, ओरडलं, तर ती पान्हा चोरते आणि दूध कासेत अडतं. अंगठा मुडपून ओढलं तर सड दुखावतो. पूर्ण मुठीनं काढावं. पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात घेऊन गुठळी दिसते का बघावी. निरोगी गाई आधी, दगडी झालेली शेवटी. दूध काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तासभर तरी उघडं असतं, म्हणून लगेच वैरण टाकावी, म्हणजे गाय शेणात बसत नाही.

मी मूळचा इंजिनिअर. कारखान्यात मशीन बिघडलं की आम्ही बेअरिंग आधी बघायचो, पाळी कशी लावली आहे ते शेवटी. गोठ्यातही तेच चालतं. एका गड्याच्या गळ्यात नको इतकी जनावरं बांधायची, गरम पाणी द्यायचं नाही, घाई करायची आणि दगडी झाली की दोष त्याचा. वरच्या यादीतली निम्मी कामं गड्याची आहेत. वेळ, पाणी, स्वच्छ फडकी आणि माणसांची संख्या हे मालकाचं काम आहे.

ज्यांच्या घरी जुने खर्डे, गोठ्याच्या खर्चाच्या वह्या असतील, त्यांनी त्या एकदा उघडाव्यात. पेंड-सरकीचा हिशेब सापडेलच. त्याच पानावर गवळ्याला काय मिळायचं आणि त्याच्याकडं किती जनावरं होती, तेही उतरवून घ्यावं. आणि आजही गाईखाली बसणारे म्हातारे गवळी इकडच्या खेड्यांत भेटतात, त्यांना विचारून घ्यावं. हे ज्ञान हातात असतं, हाताबरोबरच जातं.