सातबारा : चार वह्यांचा एक सांधा

कबनूर हें हातकणंगले तालुक्यांतील, इचलकरंजीच्या शिवेस लागलेलें गांव. इचलकरंजीचे यंत्रमाग शीव ओलांडून येथें आले आणि शेतांशेजारीं कारखाने व घरें उभीं राहिलीं. अशा गांवांत जमिनीचे मालक वरचेवर बदलतात, आणि मालक बदलला म्हणजे कागदालाही त्याच्यामागून चालावें लागतें. हा कागद कसा चालत आला, तें आज पाहूं.

पूर्वीं गांवचें दप्तर कुलकर्ण्याच्या घरीं असे. वतन पिढीजात, म्हणून गांवाची सारी स्मृति एका कुटुंबाच्या हातीं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं करवीर संस्थानांत कुलकर्णी-वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. इंग्रजी मुलखांत मुंबई सरकारनें १९०३ सालींच हक्कनोंदणीचा कायदा केला होता. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि दोन्हीकडचा रिवाज एक होत गेला.

‘सातबारा’ हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळला आहे कीं त्याचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. गांवनमुना सात म्हणजे हक्कांची नोंद. नमुना बारा म्हणजे पिकांची. दोन्ही एका पानावर आणले, तो सातबारा. त्यामागें नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीची वही. एक खरेदीखत झालें कीं त्याचे पडसाद या वह्यांत उमटले पाहिजेत. हें जुळविण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या लेखणीनें केलें.

आतां तें संगणकाकडे आलें आहे. ‘ई-फेरफार’ व्यवस्थेंत दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जातांच त्याची माहिती तहसील कचेरीमार्गें तलाठ्याकडे पोंचते. (तलाठ्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) तो फेरफार घालतो, संबंधितांस नोटीस जाते, हरकतीसाठीं पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो. ही सारी माहिती सर्व्हरवर, म्हणजे अनेक कचेऱ्यांना एकाच वेळीं उत्तर देणाऱ्या मध्यवर्ती यंत्रावर, राहते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणी शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंदवूं लागला.

परंतु अशी व्यवस्था उभारणें एक आणि ती खरी राखणें दुसरें. जुन्या हस्तलिखित वह्या यंत्रांत उतरवितांना चुका झाल्या. सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशीं जुळत नसेल, तर यंत्र तें तत्काळ दाखवितें. पण समजा, चार वारसांपैकीं बहिणीचें नांव उतरवायचें राहिलें आणि क्षेत्र तिघां भावांच्या नांवें बरोबर मांडलें गेलें. बेरीज जुळली, यंत्र समाधानी! कबनूरच्या मागावर आडवा धागा तुटला तर माग आपण होऊन थांबतो. नोंदींतला धागा तुटला तर कांहींच थांबत नाहीं. चूक पुढच्या प्रत्येक उताऱ्यांत सुबकपणें छापली जाते. शिवाय १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरीच मानावयाची असते. म्हणजे पुराव्याचें ओझें त्या बहिणीच्या माथीं.

म्हणूनच जुने व नवे उतारे ताडून पाहण्याच्या मोहिमेंत सरकारनें एक जुनाच उपाय योजला : चावडी-वाचन. छापील सातबारे गांवासमोर मोठ्यानें वाचावयाचे आणि ज्याची त्यानें हरकत सांगावयाची. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद त्याच संहितेंत आहे; मात्र चूक आधीं कोणाच्या तरी ध्यानांत यावी लागते.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांचें घर शहरांत असलें तरी नांव कोठल्या तरी गांवच्या उताऱ्यावर असेल. तो उतारा एकदां मागवा आणि आपल्या आईचें, आत्याचें, बहिणीचें नांव त्यांत आहे कीं नाहीं, तें पाहा. बेरीज यंत्र पाहील. माणसें आपणच मोजलीं पाहिजेत.