विहिरीवरचे इंजिन आणि त्याचा धनी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरकडे जा, नाहीतर घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे उतरा; एखाद्या जुन्या विहिरीच्या काठी, पत्र्याच्या खोपटात, तेलाने काळे पडलेले एक इंजिन अजून उभे असलेले दिसते. दोन बाजूंना दोन जड चाके, मधे उभा सिलिंडर, शेजारी पाण्याची टाकी. कुठे ते अजून चालते, कुठे त्याच्यावर कोंबड्या बसतात. भंगारवाला दारात येतो, किलोचा भाव सांगतो, आणि घरातली तरुण मंडळी म्हणतात, "आबा, द्या ना आता काढून!" आबा मात्र काही बोलत नाहीत.

आबांच्या या न बोलण्यात काय आहे, ते आज पाहू. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? लढाया नाहीत, तह नाहीत. पण यंत्र आपल्या गावात कधी आले आणि ते आपले कधी झाले, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या खोपटात सापडते.

यंत्र आले ते कापसाच्या वाटेने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस विलायतेला जाणे बंद पडले आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल चढले. १८६७ मध्ये आगगाडी भुसावळहून नागपूरपर्यंत पोचली. पुढे १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा तेरा-एक किलोमीटरचा फाटा सुरू झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा माणूस का यावा? तर खामगावचा कापसाचा बाजार होताच तेवढा मोठा. वाफेवर चालणारे जीन आणि प्रेस आले. घरोघरी बायका हातरेच्यावर सरकी काढीत, ते काम हळूहळू सरले.

आता लक्षात घ्या. या यंत्राचा भोंगा शेतकऱ्याने ऐकला, त्याच्या दारात बैलगाडी घेऊन रात्र रात्र रांगेत तो उभा राहिला; पण ते यंत्र त्याचे नव्हते. ते उघडून पाहण्याचा अधिकार त्याला नव्हता. यंत्र म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची, भिंतीआडची गोष्ट, असा त्याचा समज झाला आणि तो काही खोटा नव्हता.

हा समज मोडायला सुरुवात केली एका नांगराने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोक म्हणाले, लोखंडाने जमिनीला विष चढते! पहिले थोडे नांगर खपायला दोन-एक वर्षे गेली. पण ज्याने तो चालवून पाहिला, त्याला कळले की खोल गेलेला कुंदा आणि हराळी उपटायला लाकडी नांगर पुरा पडत नाही. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात परदेशाहून येणारे बीड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या निकामी तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफ वितळून नांगर झाला, हे चांगलेच झाले. म्हणजे जुने लोखंड मोडूच नये, असे मी म्हणत नाही. पण काय मोडतो आहोत हे माहीत असून मोडणे वेगळे, आणि नुसता काट्यावरचा भाव पाहून मोडणे वेगळे.

नांगरामागून इंजिन आले. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराचे यंत्र १८९७ मध्ये नीट चालू लागले. साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. तिथून आधी नांगर आणि मग १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने निघू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४६ मध्ये पुण्याला खडकीत किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. इंग्लंडातल्या लिस्टर कंपनीच्या घडणीची इंजिने राजकोटच्या कारखान्यांतून वर्षानुवर्षे निघत राहिली. कुणी तगाई काढून, कुणी कपाशीच्या एका चांगल्या सालाच्या पैशात, कुणी भाऊबंदांच्या भागीत इंजिन घेतले. मोट थांबली. बैलांचे खांदे सुटले. मोटकऱ्याची मजुरीही गेली, तेही विसरू नये.

या इंजिनाची गंमत अशी की ते उघडता येते. त्याला ठिणगी लागत नाही. सिलिंडरात हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते, आणि त्या तापल्या हवेत तेलाचा फवारा उडाला की पेट घेतो. सायकलचा पंप जोरजोराने मारा, खालचे टोक हाताला गरम लागेल; तत्त्व तेच. सुरू करताना दाब सोडणारी दांडी उचलायची, हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा, आणि वेग आला की दांडी पाडायची. बसलाच तर पहिला ठोका बसतो. इथे एक जपून सांगतो: हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीभोवती वळवू नये. इंजिन उलट मारले तर हात सुटायला हवा. आणि धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला रुमाल पट्ट्यापासून दूर.

शिक्षकबंधूंनो, यात एक गणितही आहे. लिस्टर घडणीचे इंजिन मिनिटाला सुमारे सहाशे फेरे घेते. दोन फेऱ्यांत एकदा तेल पेटते; म्हणजे मिनिटाला तीनशे ठोके, सेकंदाला पाच. म्हणून तर तो आवाज मोजता येण्याजोगा, शिवारभर ओळखू येणारा असतो. कुणाच्या मळ्यात पाणी चालू आहे, हे लोक नुसत्या आवाजावरून सांगत.

जुन्या यंत्राचे हे वेड आपल्यापुरतेच आहे असे समजू नका. बर्फाच्या मुलखात, कॅनडा-अमेरिकेत, रस्त्यावरचा बर्फ दूर फेकणारे यंत्र असते. कॅनडातल्या आर्थर सिकार्ड यांनी असे यंत्र १९२५ मध्ये बनविले आणि पुढे घरोघरच्या अंगणासाठी लहान यंत्रे निघाली. पुढचा फिरता मळसूत्री पाता बर्फ गोळा करतो, आतला पंखा तो नळीतून लांब उडवतो; आपले मळणीयंत्र भुसा उडवते ना, अगदी तसे. पन्नास-साठ वर्षांची तसली यंत्रे तिथले लोक हौसेने सांभाळतात, हिवाळा आला की तेलपाणी करून चालवतात. आयोवा राज्यात माउंट प्लेझंट गावी १९५० पासून जुन्या मळणीयंत्रांचा मेळावा भरत आला आहे. हौस आहेच, पण हौशीच्या पोटात एक विचार आहे: जे मला खोलता येते, दुरुस्त करता येते, तेच खरे माझे.

आपल्या आबांचे तेच आहे. विजेचा पंप आला, त्याने पाणी सोपे केले. आता सौरपंपही आले. त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. धूर नाही, हँडल मारणे नाही. जुने इंजिनच पुन्हा चालवा आणि डिझेलवर पैसे घाला, असे कोणी शहाणा सांगणार नाही. पण नवा पंप बिघडला की तो उचलून तालुक्याला न्यावा लागतो, आणि तो परत येईपर्यंत आपण नुसते वाट पाहतो. जुन्या इंजिनाचा धनी मात्र वाट पाहत बसला नाही. कशाने धूर काळा येतो, कशाने पांढरा येतो, नोझल कधी चोंदते, हे तो आणि गावचा मिस्त्री मिळून शिकले. जीनच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या नातवाने यंत्राचे पोट उघडून पाहिले. माझ्या मते आपल्या गावांच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे, आणि तिची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

तो मिस्त्री आता म्हातारा झाला आहे. इंजिन भंगारात गेले तर लोखंड जाईल, ते पुन्हा मिळेल. मिस्त्री गेला तर त्याच्या हातातले ज्ञान जाईल, ते मिळणार नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. ज्यांच्या घरी इंजिन आहे त्यांनी टाकीतले पाणी काढून टाकावे, महिन्यातून एकदा चाक हाताने फिरवावे, तेलाचा हात द्यावा. एवढ्यावर ते पुष्कळ वर्षे तग धरते. आणि शिक्षकांनी मुलांना वही घेऊन शिवारात पाठवावे. इंजिनावरच्या पाटीवर काय लिहिले आहे, ते कोणत्या साली आले, पैसा कसा उभा केला, त्याआधी मोट कोण हाकीत असे, इंजिन कोण दुरुस्त करी, हे विचारून लिहून आणावे. गावाचा इतिहास म्हणून ती वही शाळेच्या कपाटात ठेवावी. मग विकायचेच ठरले तर खुशाल विका. पण आधी आबांना एकदा बोलते करा. या विषयावर ते गप्प बसणार नाहीत.