चढ, गिअर आणि भरपगारी रजा

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाला सायकलशी काय देणंघेणं? पण चढ हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. एकच चढ एकाला कष्ट वाटतो आणि दुसऱ्याला सुट्टीची मौज. असं का होतं, ते आज इतिहासात शोधू.

आमच्या लहानपणी नाशिकहून त्र्यंबकला आम्ही वर्षातून एकदा सायकलवर जायचो. वडील चालवणारे, दांडीवर आम्ही, कॅरियरवर आई. चढ लागला की आई उतरायची आणि वडील सायकल हाताने ढकलत चालायचे. वडील एका दुकानात कामाला होते. त्या दिवसाचा पगार कापला जायचा. म्हणजे बघा, आमच्या सहलीच्या वाटेत दोन चढ होते. एक रस्त्याचा, दुसरा पगाराचा.

आता आल्प्सकडे वळू. तिथली सायकल-भ्रमंती जुनी आहे. जोसेफ आणि एलिझाबेथ पेनेल हे अमेरिकन दांपत्य सायकलवरून आल्प्सच्या खिंडी ओलांडून गेलं. एलिझाबेथबाईंचं त्यावरचं पुस्तक 1898 साली निघालं. पण तो चित्रकार, ती लेखिका. त्यांचा वेळ त्यांच्या हातात होता. 1911 मध्ये टूर द फ्रान्स शर्यत पहिल्यांदा गालिबिए खिंडीतून गेली. तेव्हाचे स्पर्धक चढ आला की उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूचं मोठं दातेरी चक्र कामाला यायचं. चालत्या सायकलवर बदलता येणारे गिअर या शर्यतीत 1937 साली मान्य झाले.

पण गिअरने फक्त रस्त्याचा चढ सोपा केला. पगाराचा चढ सोपा केला तो कायद्याने. 1936 च्या जूनमध्ये, मोठ्या संपांनंतर, फ्रान्समध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात साधी कामगार कुटुंबं पहिल्यांदाच सुट्टीवर निघाली. दोघांनी मिळून चालवायची टँडम सायकल तर त्या काळाची खूणच ठरली. डोंगर होते तिथेच होते, सायकलीही होत्या. नव्हता तो फक्त मोकळा वेळ.

आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरवून दिली. आमचे वडील कारखान्यात नव्हते, त्यामुळे हा कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

आज नाशिकला सायकलींचं शहर म्हणून मान आहे. इथले डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे 4800 किलोमीटरची रॅम शर्यत पूर्ण केली. आम्हाला त्याचा अभिमान आहे. रविवारी पहाटे त्र्यंबक रस्त्याला जाऊन पाहा: हेल्मेट घातलेले आई, बाबा, मुलं गिअर बदलत हसतखेळत निघालेली असतात. याच रस्त्यावर सातपूरची औद्योगिक वसाहत आहे. हँडलला डबा अडकवलेला, रविवारीही पाळीवर निघालेला माणूस त्याच चढावर त्यांच्या शेजारून जातो. त्याची सायकल बिनगिअरची असते. ते एक वेळ चालेल हो! पण त्याच्या मुलांनी त्याच्याबरोबर त्र्यंबकला कधी जायचं?

ॲरिस्टॉटलने फावल्या वेळाला चांगल्या जगण्याची अट मानलं; मात्र त्याच्या नगरीत दुसऱ्यांच्या राबण्यावर तो वेळ उभा होता. ती अडचण अजून सुटलेली नाही. म्हणून सायकलचा इतिहास लिहिताना चाकं, साखळ्या, गिअर यांच्या शेजारी रजेच्या कायद्यालाही एक पान द्यावं, एवढंच आमचं मागणं.

आमच्या वडिलांनी पगार कापून घेऊन आम्हाला तो चढ दाखवला. तो पगार किती होता, हे आम्ही त्यांना कधी विचारलं नाही.