लेण्यांच्या पलीकडची घारापुरी

इतिहासाच्या गप्पांत आज आपण समुद्र ओलांडणार आहोत. दारव्ह्यापासून समुद्र फार लांब, आपल्यातल्या पुष्कळजणींनी तो टीव्हीवरच पाहिलेला. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून लाँचनं तासभर गेलं की घारापुरी बेट येतं. तालुका उरण, जिल्हा रायगड. तिथल्या काठावरून मुंबई दिसते, रात्री तिचे दिवेही दिसतात. तरी या बेटावर विजेची लाइन पोहोचायला 2018 साल उजाडलं. हे आम्ही मुद्दाम आधी सांगतो, कारण घारापुरीचं बोलणं लेण्यांपासून सुरू होतं आणि लेण्यांपाशीच संपतं.

लेणी आहेतच तशी. साधारण सहाव्या शतकात कारागिरांनी डोंगराचा कातळ आत आत कोरत नेला. खांब बाहेरून आणून उभे केलेले नाहीत. भोवतीचा दगड काढला, खांब उरले. घर बांधताना चूक झाली तर वीट काढून दुसरी लावता येते. इथे एक घाव चुकला की चुकलाच! मोठ्या लेण्यात तीन मुखांचा शिव आहे. त्रिमूर्ती म्हणतात ती हीच, दोन-तीन माणसं एकावर एक उभी राहावीत एवढी उंच. मधलं मुख शांत, एका बाजूचं रागीट, आणि दुसऱ्या बाजूचं हाती कमळ घेतलेलं, नाजूक, बाईचं. जवळच अर्धनारीश्वर, म्हणजे अर्धा शिव, अर्धी पार्वती. त्यांचं लग्नही कोरलंय आणि सारीपाटाच्या खेळावरून रुसलेली पार्वतीही. तो रुसवा पाहून आपल्याला हसूच येईल.

हे कोणी कोरून घेतलं? कलचुरी राजांच्या काळातलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. लेखी पुरावा होता म्हणतात. दारापाशी एक शिलालेख होता, पण पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला. 1534 साली गुजरातच्या सुलतानाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला होता. काठावरचा दगडी हत्ती पाहून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. पुढे इंग्रज आले. 1864 साली त्यांनी तो हत्तीच विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना हत्ती पडून फुटला, म्हणून राहिला. त्याचे तुकडे जोडून ठेवलेत, मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी. बेटाला ज्याचं नाव मिळालं, तो बेटावर नाही.

1987 साली युनेस्कोनं लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला. बेटावर तीन गावं आहेत: शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. वस्ती हजारेक. मान मिळाल्यावरही तीस वर्षं या घरांत रोज संध्याकाळी तीनेक तास डिझेलच्या जनरेटरचा उजेड असायचा. स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, मोबाईलचं चार्जिंग, सगळं त्या तीन तासांत बसवायचं. पाहुणे शेवटच्या लाँचनं परत जात, त्यांना रात्रीचा अंधार कळायचाच नाही. शेवटी समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली आणि फेब्रुवारी 2018 मध्ये तिन्ही गावांत वीज आली. रात्री-बेरात्री शेताला पाणी द्यायला उठणाऱ्या आपल्याला लाइनची किंमत वेगळी सांगायला नको.

वीज आली, समुद्र मात्र आडवाच आहे. रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर होडीच काढावी लागते. पावसाळ्यात दर्या खवळला की लाँच थांबतात, आणि लाँच थांबली की कमाईही थांबते.

धक्क्यापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे चालते. आपली शकुंतला आठवावी, पण ही तिच्याहूनही चिमुकली. मग शे-सव्वाशे पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं: माळा, टोप्या, काकड्या, कैऱ्या. माकडं हातातलं पळवतात, त्यामुळे नजर मालावर ठेवूनच भाव सांगायचा. काही बाया नऊवारी नेसून, डोक्यावर हंड्यांची उतरंड घेऊन उभ्या असतात. पाहुण्यांना फोटो काढायचा असतो, बाया त्याचे पैसे घेतात. हसणाऱ्यांनी हसावं, आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. लेणी पाहायला तिकीट आहेच की! सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी पायऱ्यांवरचा धंदाही बसतो.