ईस्टरचा रविवार आणि सहावा अध्याय

वाचक माउली, आपल्या घरी विनोबांची ‘गीता प्रवचने’ असेल तर सहाव्या अध्यायाच्या प्रवचनाची तारीख पाहा. २७ मार्च १९३२, रविवार. त्या वर्षी ख्रिस्ती लोकांचा ईस्टर नेमका याच दिवशी होता. पुस्तक वर्षानुवर्षे हाताशी असून ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली.

स्थळ होते धुळ्याचा तुरुंग. कायदेभंगाच्या चळवळीतले सत्याग्रही तिथे कोंडलेले, विनोबाही त्यांच्यात. २१ फेब्रुवारीला त्यांनी पहिला अध्याय सांगितला आणि १९ जूनला अठरावा. अठरा रविवार, अठरा अध्याय. अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी समोर बसून ते शब्द टिपून घेत होते. गुरुजींचा हात चालला नसता तर ते बोलणे त्या भिंतींतच विरले असते.

आता भिंतीबाहेरचे पंचांग पाहू. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती माणसाचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. त्या वर्षी १० फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला. त्या दिवशी कपाळाला राख लावतात; माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, हे विसरू नये म्हणून. बुक्का लावणाऱ्या कपाळाला हे समजावून सांगायला नको. चाळीस दिवसांच्या मोजणीत रविवार धरत नाहीत. म्हणजे बाहेर जे रविवार उपवासाच्या हिशेबातून मोकळे होते, त्यांतल्याच पाच रविवारी आत गीतेचे पहिले पाच अध्याय झाले, आणि पुनरुत्थानाच्या दिवशी सहावा आला. हे कोणी जुळवले नव्हते; क्रम गीतेचा होता आणि वार पंचांगाचा.

पण सहावा अध्याय कशाचा? स्वतःला स्वतःच वर काढायचे, आपणच आपले मित्र आणि आपणच आपले वैरी, हे सांगणारा. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अगदी न खाणाऱ्यालाही नाही, हेही त्यातच आहे. आणि उपवासाविषयी येशूचे बोलणे मत्तयाच्या शुभवर्तमानात ज्या अध्यायात येते, तोही सहावाच! उपास करताना चेहरा उतरवून लोकांना दाखवू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, अशा अर्थाचे ते सांगणे आहे. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये हाच भाग वाचण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते पोटाबद्दल. उपासाचा डांगोरा पिटणाऱ्याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. वाऱ्या किती झाल्या हे न विचारता सांगणारे आपल्यात थोडे नाहीत. मीही सांगितल्या आहेत.

या काळाचा शेवटचा आठवडा मला सगळ्यात जवळचा वाटतो. शेवटच्या भोजनाला बसल्यावर येशू शिष्यांना म्हणतो, तुमच्यातलाच एक मला धरून देईल. बारा जण पंगतीला होते. शेजाऱ्याकडे बोट दाखवायला किती सोपे होते! पण मत्तय सांगतो की एकेकाने आधी स्वतःबद्दल विचारले, प्रभू, तो मी तर नव्हे ना? उपवासकाळातली सगळी झडती या एका प्रश्नात मावते. पुढे पेत्राने त्याच रात्री तीनदा ओळख नाकारली, कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. दुसऱ्या कोणी त्याला दोष द्यायची गरजच उरली नाही.

हा प्रश्न आपल्यालाही एकदा पडला होता, आणि तो धुळ्याच्या त्या लेखनिकानेच आपल्या दाराशी आणला. अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या भक्तांना पांडुरंगाच्या देवळात जाऊ द्या, म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात तानपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले. त्यांना विरोध करणारे परके नव्हते. देवाचे सेवेकरी होते, टाळ धरणारे होते, शास्त्राचे दाखले देणारेही होते. बडव्यांवर सगळा दोष ढकलून आपण अनेकदा मोकळे होतो. पण वारीला येऊन, दर्शन घेऊन, बाहेर उभ्या असलेल्याला न पाहता परत जाणारे हजारो लोक कोण होते? माउली, त्यांत माझे आजोबा असतील, आपलेही असतील.

उपोषण दहा दिवस चालले आणि देऊळ उघडले. चोखोबांची समाधी मात्र सहा शतके त्याच महाद्वारासमोर, बाहेर होती, आणि तिला वळसा घालूनच प्रत्येकजण आत जात होता.